कत्तलखान्यातील छुपे चित्रण: आत शिरणे वेगळे, दाखवणे वेगळे

एका तरुण वृत्तसंपादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या माणसाने कत्तलखान्यात मजूर म्हणून नोकरी धरली, अंगावर लपवलेल्या कॅमेऱ्याने सहा आठवडे चित्रण केले, आणि त्यातून काढलेली चार मिनिटांची फीत आता संपादकाच्या हाती आली आहे. ती दाखवली तर ते वृत्तस्वातंत्र्यात बसते, की फसवून मिळवलेला माल आपण विकला असे ठरते? छुप्या कॅमेऱ्याच्या बातम्या प्रसारणापूर्वी कायद्याच्या आणि तथ्यांच्या अंगाने तपासून देण्याचे काम मी गेली बावीस वर्षे करत आहे आणि त्यांतील बऱ्याच बातम्या मांसोद्योगाच्या होत्या. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नात जी एकच कृती दिसते आहे, त्या प्रत्यक्षात तीन कृती आहेत: आत प्रवेश मिळवणे, तेथे चित्रण करणे आणि ते चित्रण लोकांसमोर ठेवणे. या तिन्हींचे कर्ते वेगळे असू शकतात, तिन्हींना लागू होणारे नियम वेगळे आहेत आणि एकीतील दोष आपोआप दुसरीत उतरत नाही. कत्तलखान्याचे वकील या तिन्ही कृतींची एकच मोट बांधण्याचा प्रयत्न करतात, कारण प्रवेशातील खोटेपणा प्रसारणाला चिकटवता आला तर चित्रात काय दिसते यावर बोलावेच लागत नाही. माझे मत स्पष्ट आहे. प्रवेशासाठी जी काही शिक्षा कायद्यात असेल ती ज्याने प्रवेश केला त्याने भोगावी. वृत्तस्वातंत्र्याला खरा धोका आहे तो तिसऱ्या कृतीवर, म्हणजे प्रसिद्धीवर, घाला घालणाऱ्या कायद्यांचा. आणि वृत्तसंस्था न्यायालयात टिकते की पडते हे बहुधा चित्रण हातात आल्यापासून प्रसारणापर्यंतच्या दिवसांत तिने काय केले यावर ठरते.

हा भेद सर्वांत उघडपणे दिसला तो अमेरिकेतील फूड लायन या किराणा साखळीच्या खटल्यात. १९९२ मध्ये एबीसी वाहिनीच्या दोन निर्मात्यांनी खोटी माहितीपत्रे देऊन या साखळीच्या दुकानांत नोकरी मिळवली आणि शिळे मांस हाताळण्याच्या पद्धतींचे छुपे चित्रण केले. कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा केला नाही, हे लक्षात घ्यावे. बातमी खोटी आहे हे सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता तिने फसवणूक, अनधिकृत प्रवेश आणि नोकर म्हणून असलेल्या निष्ठेचा भंग एवढ्यावरच बोट ठेवले. ज्यूरीने सुमारे ५५ लाख डॉलर दंडात्मक भरपाई ठरवली, न्यायाधीशांनी ती ३,१५,००० डॉलरवर आणली, आणि १९९९ मध्ये चौथ्या सर्किटच्या, म्हणजे अमेरिकेतील एका प्रादेशिक विभागाच्या, अपील न्यायालयाने ती रद्द करून कंपनीच्या पदरात अवघे दोन डॉलर टाकले: एक डॉलर अनधिकृत प्रवेशासाठी, एक निष्ठाभंगासाठी. प्रसारणामुळे झालेली हानी प्रवेशाच्या दाव्याआडून वसूल करता येणार नाही, हा त्यातला मुद्दा. पण त्याच निकालाची दुसरी बाजू पत्रकार सोयीस्करपणे विसरतात. न्यायालयाने बातमीदाराला अनधिकृत प्रवेशाच्या नियमातून सूट दिलेली नाही. ते दोन डॉलर नाममात्र असले तरी दोष सिद्ध झाला होता.

यानंतर उद्योगाने आपला मोर्चा न्यायालयाकडून विधिमंडळाकडे वळवला असे म्हणता येईल, जरी सुरुवात त्याआधीची आहे. शेतीउद्योगाच्या आवारात शिरून चित्रण करण्याविरुद्धचा कायदा कॅन्सस राज्याने १९९० मध्येच केला होता. २०१२ मध्ये आयोवा आणि युटा यांनी आणि २०१४ मध्ये आयडाहोने केलेले कायदे मात्र थेट छुप्या चित्रणाकडे रोखलेले होते. समीक्षकांनी त्यांना ‘अ‍ॅग-गॅग’ म्हणजे शेतीउद्योगाची तोंडबंदी असे नाव दिले. आयडाहोचा कायदा एका दुग्धशाळेतील गायींना मारहाण होत असल्याचे छुपे चित्रण प्रसिद्ध झाल्यानंतर आला. त्यात मालकाच्या संमतीविना चित्रण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होती, तर त्याच राज्यात प्राण्याशी क्रूरपणे वागण्याच्या पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत. जनावराला मारणाऱ्यापेक्षा ते टिपणाऱ्याला जबर शिक्षा, ही विसंगती २०१५ मध्ये तो कायदा रद्दबातल ठरवणाऱ्या न्यायाधीशांच्याही नजरेतून सुटली नाही.

या खटल्यांतून जे हाती आले ते सरसकट विजय नाहीत. २०१८ मध्ये नवव्या सर्किटने आयडाहोची चित्रणबंदी आणि खोटे बोलून नुसता प्रवेश मिळवण्यावरील बंदी घटनाबाह्य ठरवली, परंतु मालकाचे नुकसान करण्याच्या हेतूने खोटे बोलून नोकरी मिळवण्याला गुन्हा ठरवणारे कलम टिकवले. २०२१ मध्ये आठव्या सर्किटने आयोवाच्या बाबतीत जवळपास उलटे केले: खोट्या बहाण्याने प्रवेश मिळवण्यावरील बंदी टिकली आणि नोकरीच्या अर्जातील खोटेपणाचे कलम पडले, कारण नेमणुकीशी संबंध नसलेले क्षुल्लक खोटेही त्यात गुन्हा ठरत होते. २०२३ मध्ये चौथ्या सर्किटने नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा वृत्तसंकलनाला लागू करता येणार नाही असे म्हटले. या निकालांतून व्यवहारापुरता घ्यायचा बोध एवढाच की नोकरीच्या अर्जात छुप्या बातमीदाराने काय लिहिले होते ते कागद संपादकाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मागील नोकऱ्यांपैकी एखादी न लिहिणे आणि ‘माझा कोणत्याही प्राणिहक्क संस्थेशी संबंध नाही’ असे थेट प्रश्नाच्या उत्तरात लिहून देणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. अनुभवी संस्था आपल्या माणसांना खरे नाव वापरायला, खरी पात्रता सांगायला आणि न विचारलेले न सांगायला शिकवतात.

आणखी एक प्रकारचा कायदा आहे, जो वरकरणी प्राण्यांच्या बाजूचा वाटतो आणि म्हणूनच अधिक काळजीपूर्वक वाचावा लागतो. मिसूरी राज्याने २०१२ मध्ये असा नियम केला की पाळीव पशूंवरील क्रूरतेचे चित्रण करणाऱ्या पशुपालनातील कर्मचाऱ्याने ते २४ तासांच्या आत पोलिसांकडे दिले पाहिजे. ऐकायला योग्यच वाटते: क्रूरता दिसली तर ती लगेच थांबवायला नको का? परंतु पहिल्याच दिवशीच्या एका दृश्यावर तपास संपला की कंपनीचे उत्तर ठरलेले असते: हा एका नोकराचा दोष होता, त्याला काढून टाकले आहे. ते कृत्य रोजचे आहे का, पर्यवेक्षकाला ठाऊक आहे का, निरीक्षक समोर असताना थांबते आणि तो गेल्यावर सुरू होते का, हे कळायला आठवडे लागतात.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण २००८ चे आहे. कॅलिफोर्नियातील चिनो येथील हॉलमार्क/वेस्टलँड कत्तलखान्यात ह्यूमेन सोसायटी या प्राणिकल्याण संस्थेच्या माणसाने २००७ च्या अखेरीस काही आठवडे नोकरी केली. उठू न शकणाऱ्या गायींना फोर्कलिफ्टच्या दात्यांनी ढकलणे, विजेचे झटके देणे, तोंडात पाण्याचा जोरदार फवारा सोडणे असे प्रकार त्याने टिपले. तेथे सरकारी निरीक्षक नेमलेले होते आणि तरीही हे चालू होते. जानेवारी २००८ च्या अखेरीस चित्रण प्रसिद्ध झाले आणि फेब्रुवारीत १४ कोटी ३० लाख पौंड, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी किलो, गोमांस परत मागवले गेले. अमेरिकेच्या इतिहासातील तोपर्यंतची ती गोमांसाची सर्वांत मोठी परतमागणी होती. गंमत म्हणा की विषाद, ती क्रूरतेपोटी झाली नाही. तपासणीनंतर कोसळलेल्या गायींची पशुवैद्याकडून पुन्हा तपासणी करणे बंधनकारक होते, कारण उठू न शकणे हे मेंदूच्या गंभीर रोगाचेही लक्षण असू शकते, आणि ती तपासणी होत नव्हती. त्यातले पुष्कळसे मांस सरकारी अन्नयोजनांत, शाळकरी मुलांच्या जेवणातही गेले होते. प्राण्याला उठता येत नाही हे दृश्य एकाच वेळी क्रूरतेचेही होते आणि अन्नसुरक्षेचेही. त्यामुळे मी संपादकांना नेहमी विचारतो की या चित्रात जनहिताचे आणखी कोणते धागे आहेत. दयेच्या आवाहनाला वृत्तपत्रात जागा आहे, पण न्यायालयात ‘जनतेला हे जाणण्याचा हक्क का आहे’ या प्रश्नाचे उत्तर जितके ठोस, तितका बचाव मजबूत.

ऑस्ट्रेलियाचा प्रवास याहून अधिक चिंताजनक आहे आणि कायद्याच्या अभ्यासकाला अधिक रोचकही. टास्मानियात पोसम या प्राण्याचे मांस निर्यात करणाऱ्या लेनाह गेम मीट्स या कंपनीच्या कत्तलखान्यात कोणीतरी चोरून कॅमेरे बसवले, ते चित्रण प्राणिहक्क संस्थेमार्फत सार्वजनिक प्रसारण संस्थेपर्यंत पोहोचले आणि कंपनीने प्रसारणावर मनाई मागितली. २००१ मध्ये सर्वोच्च पातळीच्या हाय कोर्टाने ती नाकारली: प्रसारण संस्थेने स्वतः आगळीक केलेली नव्हती आणि कत्तलखान्यात जे चालते ते केवळ खाजगी जागेत घडते म्हणून गोपनीय ठरत नाही. तिन्ही कृती वेगळ्या ठेवण्याचा हा आदर्श नमुना आहे. पण त्याच निकालात काही न्यायाधीशांनी जाता जाता एक शेरा मारला होता की अशा चित्रणावरील स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) प्रश्न कोणी उपस्थित केलेला नाही. केला असता तर चोरून आत शिरलेल्याने तो हक्क न्यायतः कंपनीच्या वतीने धारण केला आहे असे म्हणता आले असते.

तो शेरा दोन दशके पडून राहिला. मध्यंतरी, २०२२ मध्ये, न्यू साउथ वेल्सचा कायदा हाय कोर्टासमोर आला. हा कायदा बेकायदा टिपलेले चित्रण बाळगणे आणि प्रसिद्ध करणे यालाच गुन्हा ठरवतो. चार विरुद्ध तीन मतांनी तो टिकला. बहुमताचा निर्णय ज्यांचा स्वतः आगळिकीत सहभाग होता आणि जे ते जाणून होते त्यांच्यापुरता मर्यादित ठेवण्यात आला. त्यानंतर व्हिक्टोरियातील एका बकरी-कत्तलखान्यात फार्म ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या लोकांनी रात्री शिरून कॅमेरे बसवले. २०२४ मध्ये त्यांच्यावर १,३०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई बसली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने २००१ चा तो शेरा प्रत्यक्षात आणला: चित्रणावरचा स्वामित्वहक्क न्यायतः कत्तलखान्याचा. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्याच्या आवारातील प्रकारांवर आक्षेप आहे, तोच त्या प्रकारांच्या चित्राचा मालक. मालकाला मनाई हुकूम मागताना ‘हे खोटे आहे’ असे म्हणावे लागत नाही, ‘हे माझे आहे’ एवढे पुरते. आणि स्वामित्वहक्काची मागणी चित्र जेथे जेथे दिसेल तेथे पोहोचते, मग दाखवणाऱ्याचा प्रवेशाशी काडीचाही संबंध नसो. मला या सगळ्या विषयात सर्वांत धोकादायक वाटते ते हेच. चित्रण करणाऱ्याला तुरुंगात टाकणाऱ्या कायद्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरतात. स्वामित्वहक्काच्या नोटिशीविरुद्ध कोण उतरणार?

युरोपात कसोटी वेगळ्या शब्दांत मांडली जाते. मानवी हक्क न्यायालयाने २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या चार पत्रकारांच्या प्रकरणात छुप्या कॅमेऱ्याचा विचार केला. तेथे विषय विमा-दलालांचा होता, तरी निकष सर्वत्र लागू पडणारे आहेत: विषय जनहिताचा होता का, समोरच्याला व्यक्ती म्हणून लक्ष्य केले होते की त्याच्या व्यवसायाच्या रीतीला, चित्रण करताना सचोटीने वागले का, बातमी खरी आहे का, दाखवताना चेहरा आणि आवाज बदलला का, आणि शिक्षा किती. पत्रकारांच्या बाजूने निकाल लागला. याच्या शेजारी २०१४ चा जर्मन प्रकरणातील निकाल ठेवावा. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या एका प्रयोगशाळेत छुप्या रीतीने केलेले चित्रण एका प्राणिमुक्ती संघटनेने दाखवले. तिच्यावर घातलेली बंदी मानवी हक्क न्यायालयाने मान्य केली, आणि त्यात त्या संघटनेची एकंदर लढण्याची रीत, कंपनीविरुद्ध न्याय्य मर्यादा ओलांडण्याची तिची तयारी, निर्णायक ठरली. म्हणजे कोणी दाखवले आणि कसे दाखवले यावर एकाच चित्रणाचे नशीब बदलू शकते. एखादी वृत्तसंस्था कार्यकर्त्यांची संकलित फीत त्यांच्याच संगीतासह आणि मजकुरासह जशीच्या तशी दाखवते तेव्हा ती स्वतःचा पत्रकारितेचा दर्जा उतरवून ठेवते.

आता त्या चार मिनिटांच्या फितीकडे वळतो, कारण माझ्या कामाचा मोठा भाग तेथेच जातो. संकलित फीत पाहून कधीही निर्णय घेऊ नये. संपूर्ण कच्चे चित्रण मागावे, सर्व तास, कंटाळवाणे धरून, मूळ फायलींच्या स्वरूपात. देणारा कचरत असेल तर तेथेच थांबावे. आणि ते पाहताना कत्तलखान्यात काम केलेला पशुवैद्य शेजारी बसलेला असावा, कारण अनभ्यस्त डोळा येथे हमखास चुकतो.

कोठे चुकतो ते सांगतो. बहुतेक यांत्रिक कत्तलखान्यांत मोठ्या जनावराला गळा चिरण्यापूर्वी कपाळावर बोल्ट पिस्तुलाचा (धातूचा दांडा वेगाने आदळणाऱ्या यंत्राचा) आघात करून बेशुद्ध करतात. आघात अचूक बसला तर जनावर तत्क्षणी कोसळते, लयबद्ध श्वास थांबतो, डोळा स्थिर आणि काचेसारखा होतो, बुबुळाला स्पर्श केला तरी पापणी मिटत नाही, जीभ सैल लोंबते. पण पाय झाडले जातात, कधी कधी फार जोराने, आणि ते मिनिटभर चालू राहू शकते. ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते, वेदनेची खूण नव्हे. पाहणाऱ्याला मात्र तेच सर्वांत भयानक वाटते. याउलट साखळीला टांगलेले एखादे जनावर शांतपणे श्वास घेत असते, डोळे मिचकावते, मान वर वळवून शरीर सरळ करू पाहते. तेथे आवाज नसतो, धडपड नसते आणि संकलक ते दृश्य कापून टाकतो. शुद्धीत असलेले जनावर साखळीवर गेले आहे, यापेक्षा गंभीर उल्लंघन दुसरे नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका फितीत नेमके हेच झाले होते. संस्थेने जे दृश्य सुरुवातीला आणि शेवटी वापरले होते, ते बेशुद्ध गायीच्या पाय झाडण्याचे होते. आम्ही ते जसेच्या तसे दाखवले असते, तर कंपनीच्या पशुवैद्याने दोन मिनिटांत ते खोडून काढले असते आणि त्यासोबत उरलेले सर्व बुडाले असते. कच्च्या चित्रणाच्या नवव्या तासात, कॅमेरा तिरका झालेला असताना, साखळीवरच्या अनेक जनावरांपैकी काहींचा श्वास चालू असलेला दिसला. आमच्यासोबत बसलेल्या पशुवैद्याने फीत थांबवून मोजायला सुरुवात केली आणि खोलीतील सगळे गप्प झाले. बातमी तीच ठरली; पाय झाडण्याचे दृश्य आम्ही वापरलेच नाही.

मोजणे महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे ‘एखाद्या वेळी चूक होते’ या उत्तराला उत्तर देता येते. पशुवर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांनी घालून दिलेली आणि अमेरिकी मांसोद्योगाने स्वतः स्वीकारलेली मोजपट्टी अशी होती: १०० पैकी किमान ९५ गुरे पहिल्याच आघातात बेशुद्ध झाली पाहिजेत, हंबरणारी ३ पेक्षा जास्त असू नयेत, घसरून पडणारे एकाहून जास्त नसावे, आणि शुद्धीत असलेले जनावर साखळीवर एकही असू नये. उद्योगाच्याच मापाने मोजलेली आकडेवारी सहा आठवड्यांच्या चित्रणातून काढता आली, तर बातमी भावनेच्या पातळीवरून पुराव्याच्या पातळीवर येते. मात्र कॅमेरा रोज चालू होता की फक्त वाईट दिवशी, हे विचारून लिहून ठेवावे. निवडक दिवसांतून काढलेली टक्केवारी दाखवणे ही आपलीच लबाडी ठरेल.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. पाहायला सर्वांत असह्य वाटणारे दृश्य अनेकदा पूर्णपणे कायदेशीर असते. डुकरांना कार्बन डायऑक्साइडच्या खोलीत उतरवून बेशुद्ध करण्याची रीत युरोपात नियमाने मान्य आहे आणि वायूचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक असते. शुद्ध हरपण्यापूर्वीचे काही क्षण डुकरे गुदमरतात, वर उसळतात, बाहेर पडू पाहतात. हे त्यांना अत्यंत नकोसे होते, हे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनेही नोंदवले आहे. असे चित्रण दाखवताना ‘कत्तलखान्याने कायदा मोडला’ असे म्हटले की आपण अब्रुनुकसानीच्या खड्ड्यात पाय ठेवला. मग दाखवू नये का? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये याचे उत्तर दिले आहे. सेंद्रिय म्हणून उत्पादने विकणाऱ्या कुक्कुटपालकांच्या शेडमध्ये एका कार्यकर्त्याने रात्री शिरून केलेले चित्रण सार्वजनिक वाहिनीने दाखवले होते. ते बेकायदा मिळवलेले होते आणि पालनाची ती रीत कायद्याविरुद्ध असल्याचे सिद्ध झालेले नव्हते. तरीही प्रसारण योग्य ठरले: ग्राहकाच्या मनातील सेंद्रियचे चित्र आणि प्रत्यक्ष यांतील अंतर दाखवणे हेच राखणदार म्हणून वृत्तमाध्यमांचे काम आहे, वाहिनीचा प्रवेशात सहभाग नव्हता आणि कोणतेही व्यापारी गुपित उघड झाले नव्हते. ‘कायद्याने हे चालते’ ही स्वतंत्र बातमी आहे, फक्त ती तशीच, त्याच शब्दांत सांगितली पाहिजे.

मजुरांच्या चेहऱ्यांविषयी माझा आग्रह कडक आहे: ते झाकावेत. कत्तलखान्यातील साखळीवर काम करणारा माणूस बहुधा कमी पगाराचा, कंत्राटी, पुष्कळदा परदेशातून आलेला असतो आणि साखळीचा वेग तो ठरवत नाही. चित्रण प्रसिद्ध झाल्यावर पहिल्यांदा त्याचीच नोकरी जाते आणि कंपनी हात झटकते. इंग्लंडमध्ये एसेक्समधील एका कत्तलखान्यात २०११ साली एक कामगार डुकरांच्या नाकाडावर सिगारेट विझवताना आणि दुसरा डुकरांना मारताना छुप्या कॅमेऱ्यात दिसले आणि पुढच्या वर्षी दोघांना कैद झाली. तशा हेतुपुरस्सर क्रौर्याचा तपास पोलिसांनी करावा, त्यांना मूळ फीत मिळावी. वृत्तसंस्थेने मात्र कॅमेरा व्यवस्थेकडे वळलेला ठेवावा. चेहरा झाकला जाणे हा स्विस प्रकरणात पत्रकारांच्या बाजूचा मोठा मुद्दा ठरला होता, तेव्हा यात माणुसकी आणि बचाव दोन्ही आहेत.

याच्याशी जोडलेली एक सूचना. अशा चित्रणातून तारीख आणि ठिकाण काढून टाकले की ते कोणत्याही समाजाविरुद्ध वापरता येते. विशिष्ट धर्मरीतीने होणारी कत्तल किंवा स्थलांतरित कामगार दिसत असतील, तर ते तुकडे पुढे वर्षानुवर्षे द्वेष पेटवायला फिरत राहतात. फीत देणाऱ्याचा हेतू प्राण्यांविषयीचा आहे की माणसांविषयीचा, हे विचारायला संकोच करू नये, आणि दाखवलेल्या प्रत्येक दृश्यावर स्थळ व महिना कायमचा कोरलेला असावा.

उद्योगाकडून हल्ली एक उत्तर दिले जाते की आता कत्तलखान्यांत कायद्यानेच कॅमेरे आहेत, मग छुप्या कॅमेऱ्याची गरज काय. इंग्लंडमध्ये २०१८ पासून जिवंत जनावरे असतात त्या सर्व भागांत कॅमेरे बंधनकारक आहेत, चित्रण ९० दिवस जपावे लागते आणि सरकारी पशुवैद्याला ते पाहता येते. स्पेनने २०२२ मध्ये असाच नियम केला. या सुधारणांमागे छुप्या चित्रणाने निर्माण झालेला दबाव होता, आणि त्या चांगल्याच आहेत. पण ते चित्रण मालकाच्या ताब्यात असते, निरीक्षक ते पाहतो आणि जनता पाहत नाही. चिनोमध्ये निरीक्षक होतेच. निरीक्षणावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न भिंतीवर कॅमेरा लावून सुटत नाही.

तेव्हा प्रश्नकर्त्या संपादकांना माझे उत्तर: दाखवावे, पण अजून नाही. त्या माणसाला आत पाठवण्यात, त्याला पैसे किंवा कॅमेरा देण्यात, काय टिपायचे ते सांगण्यात तुमच्या संस्थेतील कोणाचाही हात होता का, ते आधी लेखी नोंदवा. असेल तर तुमचे संरक्षण बरेच पातळ होते आणि सल्ला बदलतो. चित्रण आल्याच्या क्षणी त्याची प्रत सीलबंद करा आणि फायलींची डिजिटल ठसे-नोंद (हॅश, ज्यावरून फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवता येते) ठेवा. तो माणूस अजून आत असेल तर ‘अजून एक आठवडा थांब’ असे त्याला चुकूनही सांगू नका, कारण तेथून पुढचे चित्रण तुमचे झाले. कच्चे चित्रण पूर्ण पाहा, पशुवैद्यासह. कंपनीला विशिष्ट तारखा आणि विशिष्ट कृती लिहून विचारा आणि उत्तराला पुरेसे दिवस द्या, मात्र फीत आधी दाखवू नका. ज्या देशात स्वामित्वहक्काच्या आधारे मनाई मिळू शकते तेथे प्रश्न पाठवण्यापूर्वीच वकील तयार ठेवा, कारण पहिली हालचाल त्यांच्याकडून बहुधा शुक्रवारी संध्याकाळी होते. आणि त्या चार मिनिटांत पाय झाडणाऱ्या गायीचे दृश्य असेल, तर पशुवैद्य येईपर्यंत ते बाजूला ठेवा.